मिनिटाला ३५,५८० फेरे

आकुर्डी-चिंचवडच्या पट्ट्यात फेऱ्यांचा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लेथवर उभ्या राहणाऱ्याला स्पिंडलचा आरपीएम तोंडपाठ असतो आणि टेस्ट बेंचवर इंजिन चढवणाऱ्याला ते कुठवर ताणायचं याचा अंदाज असतो. साध्या मोटरसायकलचं इंजिन मिनिटाला आठ-दहा हजार फेऱ्यांपाशी आलं की त्याची धाप कानाला कळते. नरतुरंग तारकासमूहात एक गोळा आहे, तो मिनिटाला सुमारे ३५,५८० फेरे घेतो. त्यात सूर्याहून जास्त वस्तुमान ठासलेलं आहे, व्यास मात्र २५ किलोमीटरच्या आसपास. त्याच्या विषुववृत्तावरचा बिंदू प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास १५ टक्के वेगाने गरगरतो. आणि हा गोळा तरुण नाही. त्याचं वय अब्जावधी वर्षांत मोजावं लागतं.

त्याची रेडिओ स्पंदनं पहिल्यांदा पकडली गेली ती खोडदला. आकुर्डीहून मोशी गाठायची, चाकणच्या कोंडीतून सुटका झाली की राजगुरुनगर, मंचर करत नारायणगावपर्यंत जायचं आणि तिथून पूर्वेला वळायचं. शेतांच्या मधोमध पांढुरक्या तारांच्या जाळीच्या महाकाय तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, अशा एकूण ३०. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जीएमआरटी दुर्बीण पुण्याच्या एनसीआरए या संस्थेकडून चालवली जाते. चौदा तबकड्या मधल्या चौकात दाटीने आहेत, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर पसरल्या आहेत. हा सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा आहे, म्हणजे एका न्यूट्रॉन ताऱ्याएवढा.

म्हातारा झालेला न्यूट्रॉन तारा एवढ्या वेगाने कसा फिरतो, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञांना चाळीसहून अधिक वर्षं गुंतवून आहे. खोडदच्या शोधाने त्याच्या उत्तरातला एक हरवलेला दुवा हाती दिला. उत्तराचा मोठा भाग मात्र क्ष-किरणांत दडलेला होता, आणि क्ष-किरण पृथ्वीचं वातावरण ओलांडून खाली येत नाहीत. त्यासाठी उपग्रहच लागतात.

सूर्याच्या आठपटीहून जड तारा इंधन संपल्यावर स्वतःच्याच वजनाखाली कोसळतो. बाहेरचे थर सुपरनोव्हा स्फोटात उधळले जातात आणि गाभ्याचा न्यूट्रॉन तारा उरतो. जन्मतःच तो प्रचंड तापलेला, जोरात फिरणारा आणि जबरदस्त चुंबक असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आगेमागे, तर ताज्या न्यूट्रॉन ताऱ्याचं साधारण एक लाख कोटी गॉस. त्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून निघणारा रेडिओ झोत प्रत्येक फेरीला पृथ्वीवरून जातो, तेव्हा तो आपल्याला स्पंदनांसारखा दिसतो. म्हणून नाव पडलं पल्सार.

एकट्या पल्सारचं पुढचं आयुष्य उताराचं. चुंबकीय क्षेत्र त्याची फिरण्याची ऊर्जा शोषून अवकाशात फेकत राहतं, फेऱ्या मंदावतात आणि काही कोटी वर्षांत रेडिओ झोत विझतो. तापमानाचंही तेच. पहिली लाखभर वर्षं आतली उष्णता न्यूट्रिनो पळवून नेतात, त्यानंतर पृष्ठभागावरून निघणारे क्ष-किरण ते काम करतात. दहाएक लाख वर्षं लोटली की पृष्ठभाग इतका निवतो की क्ष-किरण जवळजवळ थांबतात. आपल्या आकाशगंगेत दहा कोटी ते एक अब्ज न्यूट्रॉन तारे असावेत असा अंदाज आहे. पल्सार म्हणून नोंदले गेलेत ते काही हजार. उरलेले सगळे म्हातारे, थंड आणि मुके.

या मुक्यांना शोधण्याची एक युक्ती १९७० साली जेरेमाया ऑस्ट्रायकर, मार्टिन रीस आणि जोसेफ सिल्क यांनी सुचवली. ताऱ्यांमधली जागा अगदीच रिकामी नसते, तिथे विरळ वायू असतो. म्हातारा न्यूट्रॉन तारा त्यातून जाताना थोडा वायू आपल्याकडे खेचेल, तो पृष्ठभागावर आदळून तापेल आणि तारा पुन्हा मंद क्ष-किरण सोडू लागेल. कल्पना पटण्यासारखी होती. १९९० मध्ये जर्मनीचा रोसॅट हा उपग्रह गेला तेव्हा असे शेकडो, कदाचित हजारो म्हातारे सापडतील अशी भाकितं छापून झाली होती.

सापडले सात.

आणि ते सातही म्हातारे निघाले नाहीत. आरएक्स जे१८५६ हा त्यांतला सर्वांत गाजलेला, १९९६ साली जाहीर झालेला तारा. त्याची आकाशातली चाल मोजली तेव्हा वय जेमतेम काही लाख वर्षं ठरलं. म्हणजे तो वायू गिळून तापलेला नाही, जन्माचीच ऊब अजून शिल्लक आहे. म्हाताऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांचा वेग अपेक्षेपेक्षा जास्त असावा, त्यामुळे वायू त्यांच्या तावडीत सापडत नसावा; शिवाय उरलेलं चुंबकीय क्षेत्रही आलेला वायू परत ढकलत असावं. भाकितं करणाऱ्यांना हा चांगलाच चटका होता. पण रोसॅटच्या या फसलेल्या शिकारीतून जे कळलं, ते एखाद्या यशस्वी मोहिमेतून कळलं असतं का याची शंकाच आहे. एकट्या न्यूट्रॉन ताऱ्याला म्हातारपणी बाहेरून फारसं काही मिळत नाही, हे तेव्हा पक्कं झालं.

तरी काही एकटे म्हातारे पूर्ण थंड नाहीत. जे०१०८–१४३१ या पल्सारचं वय सुमारे २० कोटी वर्षं. चंद्रा या दुर्बिणीने त्याच्याकडून मूठभर क्ष-किरण फोटॉन टिपले. उलटे फिरून ध्रुवांवर आदळणारे कण तिथली जागा तापवतात, हा त्यामागचा एक अंदाज. जे०४३७–४७१५ हा आपल्याला सर्वांत जवळचा मिलिसेकंद पल्सार (काही मिलिसेकंदांतच एक फेरी घेणारा), अंतर सुमारे ५१० प्रकाशवर्षं. हबलने अतिनील प्रकाशात पाहिलं तर त्याचा पृष्ठभाग एक लाख केल्व्हिनच्या वर निघाला. अब्जावधी वर्षांच्या ताऱ्याने साध्या हिशेबाप्रमाणे यापेक्षा कितीतरी थंड असायला हवं होतं. तारा मंदावताना आतल्या पदार्थाची रासायनिक घडी विस्कटते आणि ती पुन्हा बसताना उष्णता सुटते, असं एक स्पष्टीकरण मांडलं गेलं आहे. वाद अजून मिटलेला नाही.

इथवर एकट्यांची गोष्ट. जोडीदार असेल तर म्हातारपणाचं वळणच बदलतं.

१९८२ साली पोर्टो रिकोमधल्या अरेसिबो दुर्बिणीवर डॉन बॅकर यांच्यासोबत एक विद्यार्थी काम करत होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला १९५६ मध्ये जन्मलेला, हुबळीत वाढलेला, दिल्लीच्या आयआयटीतून बर्कलीला पीएचडीसाठी गेलेला श्रीनिवास कुलकर्णी. त्यांना सेकंदाला ६४२ फेरे घेणारा पल्सार सापडला. तोवर वेगाचा विक्रम होता वृषभ राशीतल्या क्रॅब पल्सारचा, सेकंदाला ३० फेरे, आणि त्याचं कारण सरळ होतं: तो जेमतेम हजारेक वर्षांचा आहे. मग त्याच्या वीसपट वेगाचा हा नवा तारा आणखी तरुण असणार. पण त्याच्याभोवती स्फोटाचे अवशेष नव्हते, आणि तो मंदावतही नव्हता म्हटलं तरी चालेल, इतका सावकाश. मंदावत नाही म्हणजे चुंबकीय क्षेत्र दुबळं. तरुणाचा वेग आणि म्हाताऱ्याचं चुंबकत्व, दोन्ही एकाच ताऱ्यात.

खुलासा काही महिन्यांत दोन ठिकाणांहून आला. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतून व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी, आणि अमेरिकेतून अली अल्पर व त्यांच्या सहकाऱ्यांनी. न्यूट्रॉन ताऱ्याचा जोडीदार साधा तारा असेल, तर तो फुगल्यावर त्याचा वायू न्यूट्रॉन ताऱ्याकडे ओघळतो. थेट पडत नाही. आधी भोवती चकती बनते, मग तिच्या आतल्या कडेवरून वायू ताऱ्यावर उतरतो. उतरताना तो आपली फिरत देऊन जातो. कोट्यवधी वर्षं हे चाललं की थकलेला तारा पुन्हा मिलिसेकंदाच्या गतीला पोहोचतो. सूर्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं वस्तुमान त्याला पुरतं. पडणारा वायू कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरणांत झळाळतो. म्हणजे आकाशात दिसणाऱ्या क्ष-किरण जोड्या हे मिलिसेकंद पल्सारचे कारखाने आहेत, असा हा दावा होता.

चुंबकीय क्षेत्राचं कोडं वेगळंच निघालं. तेव्हाची समजूत अशी की ते काही दशलक्ष वर्षांत आपोआप विरत जातं. १९८६ मध्ये कुलकर्णींनीच तिला धक्का दिला. ०६५५+६४ या पल्सारचा जोडीदार त्यांनी दृश्य प्रकाशात शोधला. तो श्वेत बटू होता आणि पार निवलेला. श्वेत बटू ठरावीक गतीने थंड होतो, त्यामुळे त्याच्या तापमानावरून वय काढता येतं. ते अब्ज वर्षांच्या वर गेलं. पल्सारही निदान तेवढा जुना असणार, तरी त्याचं चुंबकीय क्षेत्र सुमारे दहा अब्ज गॉस शाबूत होतं. नुसत्या काळाने ते पुसलं जात नाही. मग मिलिसेकंद पल्सारमध्ये ते दहा-वीस कोटी गॉसवर येतं ते कशाने? जोडीदाराकडून आलेला वायू क्षेत्राला गाडून टाकतो, की मंदावताना ताऱ्याच्या गाभ्यातूनच ते बाहेर रेटलं जातं? दुसरी शक्यता मांडणाऱ्या गटात श्रीनिवासन यांच्यासोबत दीपंकर भट्टाचार्य होते. ते पुढे पुण्याच्या आयुकात आले आणि ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाच्या कामात महत्त्वाचे ठरले.

क्षेत्राचा आकारही साधा नाही, हे अलीकडे कळलं. अंतराळस्थानकावर २०१७ मध्ये बसवलेल्या नायसर दुर्बिणीने जे००३०+०४५१ या मिलिसेकंद पल्सारच्या क्ष-किरणांचा चढउतार तपासला. शाळेतल्या चुंबकपट्टीप्रमाणे तापलेले दोन डाग समोरासमोरच्या ध्रुवांवर असायला हवे होते. डिसेंबर २०१९ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत दोन्ही डाग एकाच गोलार्धात निघाले, त्यातला एक चंद्रकोरीसारखा ताणलेला. त्याच मोजमापातून ताऱ्याची त्रिज्या सुमारे १३ किलोमीटर आली.

कारखान्याचा दावा सिद्ध व्हायला १९९८ उजाडलं. रूडी वाइनँड्स आणि मिकिएल व्हान डेर क्लिस यांना अमेरिकेच्या आरएक्सटीई उपग्रहाच्या नोंदींत एसएएक्स जे१८०८ या क्ष-किरण जोडीतून सेकंदाला ४०१ स्पंदनं मिळाली. जोडीदाराला गिळत असलेला तारा मिलिसेकंदाच्या गतीने फिरताना प्रत्यक्ष दिसला. भारताचा ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. त्यावरचा मुंबईच्या टीआयएफआरने बनवलेला लॅक्सपीसी हा शोधक दर फोटॉनची वेळ दहा मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवतो. ४यू १७२८–३४ या जोडीत ताऱ्यावर साचलेल्या वायूचा अण्विक भडका उडाला, तेव्हा त्यातली सेकंदाला ३६३ वेळा होणारी लुकलुक या शोधकाने पकडली. तो त्या ताऱ्याच्या फिरण्याचाच ठसा. ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणं वापरू इच्छिणाऱ्या संशोधकांसाठी मदत कक्ष आयुकात आहे. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकालाही मोठ्या वेधशाळेत नोकरी नसताना यात उतरता येतं, ही लहान गोष्ट नव्हे.

गिळणं थांबल्यावर तारा कसा निवतो, हेही क्ष-किरणांनी दाखवलं. केएस १७३१–२६० ही जोडी साडेबारा वर्षं धगधगून २००१ मध्ये अचानक शांत झाली. पुढची कित्येक वर्षं चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणी तिच्याकडे वळत राहिल्या. वायूच्या वजनाने ताऱ्याचं कवच खोलवर तापलं होतं, ती उष्णता आता बाहेर झिरपत होती. उताराच्या वेगावरून कळलं की कवच उष्णता फार सहज वाहून नेतं. त्यातले अणू स्फटिकासारखे शिस्तीत बसलेले असावेत. ज्याला हात लावणं कधीच शक्य नाही, त्या पदार्थाची आतली रचना केवळ निवण्याच्या आलेखातून काढली गेली.

एवढं झाल्यावरही एक प्रश्न उरत होता. गिळणारा क्ष-किरण तारा आणि रेडिओ पल्सार या एकाच ताऱ्याच्या दोन अवस्था असतील, तर एकीतून दुसरीत जाताना कुणी पाहिलं आहे का?

सुरुवातीला भेटलेला नरतुरंगातला गोळा ज्या जोडीत आहे, ती एक्सएसएस जे१२२७०–४८५९. हे नाव आधी एका सामान्य श्वेत बटू जोडीचं म्हणून नोंदलं गेलं होतं. मग ती न्यूट्रॉन ताऱ्याची विचित्र क्ष-किरण जोडी ठरली. तिची क्ष-किरण तेजस्विता दोन ठरावीक पातळ्यांमध्ये काही सेकंदांत खालीवर होई, मध्येच भडके उडत, आणि त्याच दिशेला फर्मी उपग्रहाला गॅमा किरणही दिसत. २०१३ च्या अखेरीला सीस बासा आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की ती पार बदलली आहे. दृश्य प्रकाश मंदावला, चकतीच्या खुणा नाहीशा झाल्या, क्ष-किरण दहापटीहून घटले. जुन्या नोंदी उलटल्यावर बदलाची वेळ कळली: १४ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर २०१२ च्या दरम्यान. चकती संपली होती. मग आत पल्सार जागा झाला असेल का?

हा तारा बराच दक्षिणेला आहे. खोडदहून पाहिलं तर सर्वांत वर आला तरी क्षितिजापासून २२ अंशांवरच असतो. तरी तो दिसतो तरी. जर्मनीतल्या एफेल्सबर्ग आणि अमेरिकेतल्या ग्रीन बँक या मोठ्या दुर्बिणींच्या आवाक्यात तो येतच नाही. एनसीआरएचे जयंत रॉय, त्यांच्या सहकारी भास्वती भट्टाचार्य, अमेरिकेचे पॉल रे आणि इतरांनी जीएमआरटी ६०७ मेगाहर्ट्झवर तिकडे वळवली. फेब्रुवारी २०१४ मध्ये बातमी जाहीर झाली: १.६९ मिलिसेकंदाला एक फेरी घेणारा पल्सार. जोडीदाराभोवती तो ६.९ तासांत प्रदक्षिणा घालतो आणि त्या काळातला मोठा भाग त्याची स्पंदनं गायब असतात, कारण पल्सारच्या झोताने जोडीदाराचा वायू उडून मध्ये येतो. अशा पल्सारना रेडबॅक म्हणतात. नराला खाऊन टाकणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन कोळिणीचं हे नाव. खगोलशास्त्रज्ञांचा विनोद कधी कधी असा काळा असतो.

खरी मौज यानंतर झाली. खोडदहून ताऱ्याची नेमकी फेरी आणि कक्षा कळल्यावर अलेस्सांद्रो पापित्तो आणि सहकारी एक्सएमएम-न्यूटनच्या जुन्या नोंदींकडे परतले, तारा वायू गिळत होता तेव्हाच्या. कक्षेच्या हालचालीमुळे स्पंदनांची वेळ सतत सरकते, त्यामुळे कक्षा ठाऊक नसताना ती गोंगाटात हरवतात. आता दुरुस्ती करता आली आणि त्या कपाटबंद माहितीतून १.६९ मिलिसेकंदाची क्ष-किरण स्पंदनं बाहेर आली. नारायणगावच्या शिवारात मिळालेल्या आकड्याने अवकाशातल्या जुन्या नोंदींचं कुलूप उघडलं. रेडिओवाले आणि क्ष-किरणवाले एकमेकांच्या परिषदांना फारसे जात नाहीत अशी कुरबुर ऐकू येते. या ताऱ्याने दोघांना एका टेबलावर आणलं.

खोडदला हे ऐकू येतं कारण तिथे रेडिओ गोंगाट कमी आहे. मोटारींच्या ठिणग्या, वेल्डिंग, उच्चदाबाच्या तारा, मोबाइल टॉवर, सगळ्यांतून रेडिओ लहरी सुटतात, आणि दूरच्या पल्सारचा आवाज त्यापुढे काहीच नसतो. त्यामुळे चाकणचा औद्योगिक पट्टा उत्तरेला सरकत जाणं ही दुर्बिणीला चिंतेची बाब आहे. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगावकडून जाणारा नियोजित मार्ग जीएमआरटीला बाधेल म्हणून बदलावा लागेल, असं रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केलं तेव्हा पिंपरी-चिंचवड ते संगमनेरपर्यंत नाराजी उमटली. नाराजी समजण्यासारखी आहे. तबकड्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत, हेही तितकंच खरं.

असे दुहेरी आयुष्य जगणारे तारे मोजकेच सापडले आहेत. एम२८ या तारकागुच्छातला एक पल्सार २०१३ च्या वसंतात क्ष-किरणांत भडकला आणि काही आठवड्यांत पुन्हा रेडिओत परतला. जे१०२३+००३८ हा त्याच वर्षी जूनमध्ये रेडिओतून गप्प झाला, त्याच्याभोवती चकती परत आली आणि दहा वर्षं उलटली तरी ती टिकून होती. योगायोग असा की त्याचीही फेरी १.६९ मिलिसेकंदांचीच.

या जे१०२३ ने सगळ्या गोष्टीला एक गाठ मारून ठेवली आहे. वायू ओघळतोय म्हणजे ताऱ्याचा वेग वाढायला हवा, असं १९८२ पासूनचं गणित सांगतं. अमृता जाओदंड यांच्या गटाने २०१६ मध्ये क्ष-किरण स्पंदनांवरून मोजलं तेव्हा चकतीच्या काळात तो उलट सुमारे २७ टक्के जास्त दराने मंदावत होता. चकती फार दुबळी असताना चुंबकीय क्षेत्र तिला बाहेर भिरकावतं आणि त्यात ताऱ्याचीच शक्ती खर्च होते, की चकती असतानाही आतला पल्सार बंद पडलेलाच नसतो, यावर दोन गट पडले आहेत. नरतुरंगातल्या ताऱ्याभोवती चकती पुन्हा जमली, तर ताळा करायला हाताशी दुसरं उदाहरण येईल. त्यासाठी चकती नसतानाचा त्याचा मंदावण्याचा दर आधी बारकाईने माहीत हवा, आणि तो मिळतो रेडिओ दुर्बिणींनी वर्षानुवर्षं टिपलेल्या स्पंदनांच्या वेळांमधून.